जुन्या गेमचं व्हर्जन ओळखायचंय? कव्हर सोडा, आत काय आहे ते बघा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून फिरून फिरून तोच प्रश्न येतोय, की घरात सापडलेली जुनी सीडी किंवा हार्डडिस्कमधलं फोल्डर नेमकं कोणत्या व्हर्जनचं आहे. आणि प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी सांगून ठेवलेलंच असतं. म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देतो.

भुसावळ : माझ्याकडे डूम आहे, १.९ व्हर्जन. मित्र म्हणतो १.९ म्हणजे अल्टिमेट डूमच. खरं का?

नाही. १.९ हा आकडा फुकट वाटलेल्या शेअरवेअरवरही आहे, पैसे देऊन घेतलेल्या रजिस्टर्डवरही आहे, अल्टिमेटवरही आहे आणि डूम २ वरही, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. वॅड फाईलवर (नावाच्या शेवटी .WAD असलेली, गेमचा सगळा डेटा ठेवणारी फाईल) राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि बाइट्स वाचा. १.९ च्या शेअरवेअरची फाईल ४१,९६,०२० बाइट्स, रजिस्टर्डची १,११,५९,८४०, आणि १९९५ च्या अल्टिमेटची १,२४,०८,२९२. अल्टिमेटमध्ये चौथा एपिसोड असतो, रजिस्टर्डमध्ये तीनच. आकडा थोडा जरी इकडेतिकडे असेल तर फाईल दुसऱ्या व्हर्जनची आहे नाहीतर कोणीतरी आत हात घातलाय, अशा वेळी स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका, आधी विचारा.

यावल : वुल्फेन्स्टाइन थ्रीडी पूर्ण आहे की डेमो, कसं कळेल?

फाईलींच्या नावाचा शेवट बघा, डब्ल्यूएल१ असेल तर शेअरवेअर, डब्ल्यूएल६ असेल तर सहाही एपिसोडवाला पूर्ण गेम.

अमळनेर : भाऊ, मन्हाजोडे रोड रॅशनी सीडी शे, खालून निळी दिखस. ओरिजिनल शे का?

नही भो. खालून निळी किंवा हिरवी म्हणजे राईट केलेली सीडी, कंपनीची चंदेरी असते.

धुळे : आयजीआय ३ आणि आयजीआय ४ ची सीडी होती माझ्याकडे, आता कुठे मिळेना. कोणतं व्हर्जन शोधू?

कोणतंच नाही, कारण तो गेम आलेलाच नाही. पहिला प्रोजेक्ट आयजीआय २००० साली आला, दुसरा कोव्हर्ट स्ट्राइक २००३ साली, बस. २०१९ मध्ये ओरिजिन्स नावाच्या नव्या भागाची घोषणा झाली, पण तुमच्याकडची सीडी त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा विकणाऱ्यांनी दुसरेच गोळीबाराचे गेम उचलले, कव्हरवर आयजीआयचं नाव छापलं आणि शाळकरी पोरांकडून पैसे घेतले. जीटीए मुंबई, जीटीए पंजाब हा पण तोच धंदा, आत बहुधा जीटीए व्हाइस सिटीच, वरून गाड्या आणि गाणी बदललेली. मला याचा खरंच राग येतो, कारण आजही लोक ती नावं खरी समजून शोधतात आणि त्या नावाखाली व्हायरस डाउनलोड करून बसतात. ती सीडी अजून असेल तर मेन ईएक्सईचं (गेम सुरू करणाऱ्या फाईलचं) नाव कळवा, खरा गेम कोणता ते सांगता येईल.

शहादा : स्टीमवरच्या (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) व्हाइस सिटीत बिली जीन हे गाणं वाजतच नाही. माझी कॉपी खराब आहे का?

खराब नाही. गाण्यांचे परवाने संपले म्हणून नंतरच्या डिजिटल कॉपीतून काही गाणी काढली, जीटीए सॅन अँड्रियासमधूनही काढली. व्हाइस सिटीच्या २००३ च्या पीसी डिस्कवर ती आहेत. आणि २०२१ ची डेफिनिटिव्ह एडिशन हा वेगळ्या इंजिनवर नव्याने केलेला गेम आहे, ती घेऊन जुनं मिळेल अशी आशा ठेवू नका. सॅन अँड्रियासमध्ये मॉड (गेम बदलणाऱ्या फाईली) टाकायचे असतील तर बहुतेक मॉड १.० व्हर्जन मागतात, तेव्हा काहीही अपडेट करायच्या आधी मूळ फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा.

पाचोरा : काउंटर स्ट्राइक १.६, चौघांच्या पीसीवर एकच गेम, तरी लॅनवर एकाला घेत नाही.

सगळ्यांनी गेममधला कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत version टाइप करा. कोणाचा प्रोटोकॉल (पीसींनी एकमेकांशी बोलायची पद्धत) ४७ आणि कोणाचा ४८ निघेल, तो सगळीकडे सारखा करा.

चाळीसगाव : काकांनी बाहेरून आणलेल्या क्वेक आणि टॉम्ब रेडरच्या मूळ सीड्या माळ्यावर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत निवांत कॉपी करणार आहे. आयएसओ (सीडीची एका फाईलमधली कॉपी) काढली की झालं ना? दुकानदार म्हणतो ओरिजिनल सीडीला शंभर वर्षं काही होत नाही.

दिवाळीची वाट बघू नका, आज उतरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं, आणि तिथे सीडी ठेवून वर शंभर वर्षांची गॅरंटी सांगणाऱ्याने कधी सीडी उजेडासमोर धरून बघितलेली नसते. तुम्ही धरा. छापाची बाजू वर, मागे बल्ब, आणि बारीक टिपक्यांतून उजेड आरपार येतोय का बघा. आला तर तिथली अॅल्युमिनियमची फिल्म गेली. लोक खालच्या बाजूच्या ओरखड्यांची काळजी करतात, पण सीडीत ती फिल्म छापाच्या बाजूला असते, वर फक्त लाखेचा पातळ थर, त्यामुळे लेबलवर पेनाने नाव कोरलंत की डेटाच गेला. खालचा ओरखडा पॉलिश करता येतो, वरचा नाही.

आता आयएसओ. या दोन्ही गेमचं म्युझिक सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे, अगदी गाण्यांच्या सीडीसारखं, आणि आयएसओमध्ये फक्त डेटा ट्रॅक येतो. गेम चालेल, आवाज येतील, पण क्वेकचं ट्रेंट रेझ्नरचं म्युझिक येणार नाही, आणि मग दहा वर्षांनी कोणीतरी मला विचारेल की हे बिनम्युझिकचं कोणतं व्हर्जन! असं कोणतं व्हर्जन नसतं, कॉपी अर्धी काढलेली असते. ऑडिओसकट कॉपीसाठी बिन आणि क्यू अशी दोन फाईलींची जोडी काढा, इमगबर्न नावाचं सॉफ्टवेअर ते करतं. मग सीडीच्या मधल्या गोल रिंगवर कोरलेला नंबर भिंगाने वाचून त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा, कारण एकाच कव्हरखाली वेगवेगळ्या छपाया निघतात आणि हा नंबरच त्या वेगळ्या करतो. कॉपीचा हॅश (फाईलच्या आतल्या डेटावरून निघणारा ओळख-क्रमांक) काढून रीडंप या वेबसाईटवरच्या, अचूक कॉपींच्या यादीशी जुळवा. जुळला तर छान, नाही जुळला तर सीडी तशीच ठेवा, ना पुसा ना पॉलिश करा, आणि कोणा जाणकाराला दाखवा. कॉपी प्रोटेक्शन असलेल्या सीड्या या पद्धतीने नीट उतरत नाहीत, त्यांचं आधी विचारा.

शिरपूर : सेफडिस्कवाली (कॉपी प्रोटेक्शनची) ओरिजिनल सीडी विंडोज १० वर चालत नाही. सीडी खराब झाली?

बहुधा नाही. विंडोज १० सेफडिस्कचा ड्रायव्हर चालूच देत नाही. जुन्या एक्सपी मशीनवर लावून बघा, आणि नेटवरून कोणतीही ईएक्सई आणून टाकण्याआधी गेमचं नाव कळवा.

रावेर : ऑनलाइन सीलपॅक ‘फर्स्ट एडिशन’ मिळतेय, डब्यावर साल १९९७ आहे. घेऊ का?

डब्यावरचं साल कॉपीराइटचं असतं, ती कॉपी कधी छापली त्याचं नाही. नंतरच्या स्वस्त बजेट रिलीजवरही तेच साल छापतात, त्या ओरिजिनलच असतात पण पहिल्या नसतात, आणि बऱ्याचदा आत पॅच लावलेलं, म्हणजे नंतर दुरुस्त केलेलं व्हर्जन असतं. प्लॅस्टिकचं सील तर कोणत्याही पॅकिंगवाल्याकडे मारून मिळतं. डब्याची मागची बाजू, बारकोड आणि वितरकाच्या नावाचे स्पष्ट फोटो मागवा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका, फोटो दिले तर पैसे पाठवण्याआधी मला किंवा अशा डब्यांचा संग्रह असलेल्या कोणालाही दाखवा.