पोट लहान करायच्या स्लीव्हच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं आणि वजन पुन्हा वाढायला लागलंय. टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की 112 किलोवरून 71 वर आलात आणि गेल्या दोन महिन्यांत काटा 74 वर गेला. पोट ताणलं गेलं का, परत ऑपरेशन करावं लागेल का आणि आहे ते वजन धरून ठेवायचं कसं, हे तुमचे प्रश्न. मी डॉक्टर नाही, साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरला बसते. पण माझंही स्लीव्हचंच ऑपरेशन आहे, नोव्हेंबर 2017 मध्ये पुण्यात झालेलं, आणि तुम्ही आज जिथे आहात तिथून मी पुढे चांगलीच घसरले होते. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

आधी माझे आकडे सांगून टाकते. उंची 158 सेंटिमीटर. ऑपरेशनच्या दिवशी वजन 121. सोळा महिन्यांनी 72. 2021 च्या उन्हाळ्यात 86. आज 78 च्या आसपास. यातल्या 86 ला मी जेवढी रडले तेवढी 121 ला कधी रडले नव्हते. एवढा खर्च केला, नवऱ्याने सोसायटीचं कर्ज काढलं, सगळ्या गावाला कळलं, आणि आता हे. तीन-चार महिने मी सर्जनकडे गेलेच नाही, रागावतील म्हणून. तुम्ही हा मूर्खपणा करू नका. ते रागावले नाहीत, त्यांच्याकडे असे पेशंट रोज येतात.

पहिली गोष्ट, 71 हा तुमचा तळ होता. बहुतेकांचा तळ वर्ष ते दीड वर्षात येतो आणि तिथून थोडं वर येणं हा शरीराचा स्वभावच आहे. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा ऑपरेशनवाल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पोटाचं बायपास (हृदयाचं नव्हे, वजन उतरवायचं दुसरं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं, आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली होती. स्लीव्ह त्या अभ्यासात नव्हतीच, ती नंतर आली. पण चाल तीच असते. तेव्हा तीन किलोने घाबरून जाऊ नका, मात्र त्याकडे काणाडोळाही नको. मी केला होता. 75 झालं तेव्हा म्हटलं पाणी असेल, 78 ला म्हटलं काटा बिघडलाय.

आता पोट ताणलं का? थोडं सैल होतंच, दीड वर्षाने कुणाचंही होतं. स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, आणि भुकेचा जो संप्रेरक आहे, घ्रेलिन, तो बराचसा त्या काढलेल्या भागातच तयार होतो. म्हणून पहिल्या वर्षी भूक म्हणजे काय हेच विसरायला होतं. मला तर नवऱ्याने ‘जेवलीस का’ विचारल्यावर आठवायचं. पुढे भूक परतते. ती परतली म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं नाही. यूट्यूबवर पाच दिवस नुसतं पातळ पिऊन ‘पोट पुन्हा लहान करायचे’ उपाय सांगतात. पाच दिवसांत पाणी उतरतं, पोट लहानबिहान होत नाही.

माझं वजन नेमकं कुठून वाढलं ते सविस्तर सांगते, कारण बहुधा तुमचंही तिथूनच वाढत असणार.

सर्जनना मी छातीठोकपणे सांगितलं, ‘सर, मी अर्धीच भाकरी खाते.’ ते खरंच होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, चार दिवस तोंडात जाईल ते सगळं लिहून आणा, चहासुद्धा. तेव्हा लॉकडाउनमुळे पतसंस्था अर्धा दिवस चालायची, उरलेला दिवस मी घरात. वही उघडून बघितली तर सकाळी चहा आणि दोन खारी. तासाभराने मुलाच्या ताटातला उरलेला उपम्याचा घास. मग चहा. डब्यातला मूठभर चिवडा. अर्धी भाकरी आणि भाजी, हे तेवढं ‘जेवण’. मग खजूर, ‘लोहासाठी’. चार वाजता चहा, सोबत बिस्किटं. ओट्यापाशी उभ्या उभ्या शेंगदाणे. रात्री अर्धी वाटी वरणभात. झोपताना दूध. चार दिवसांत एकदाही पोटभर जेवले नव्हते आणि एक तासही रिकामा गेला नव्हता. पोट लहान केलं, दिवस मात्र तेवढाच लांब राहिला.

त्यात गोम अशी आहे की लहान पोटाचा ब्रेक फक्त घट्ट खाण्याला लागतो. भाकरी-उसळ, अंडं, चिकन पोटात थांबतं, जड वाटतं, हात थांबतो. खारी, बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम, गोड चहा हे लाळेत विरघळून झरझर खाली उतरतं. ते कितीही जातं आणि पोट भरलंय असं कधी वाटतच नाही. चहाचंच घ्या. एका चमच्यात साधारण 5 ग्रॅम साखर, म्हणजे 20 कॅलरी. माझे कप सहा, प्रत्येकात दोन चमचे. दूध वेगळं, खारीतलं डालडा वेगळं.

आणि ही सवय मला लागली कुठून? ऑपरेशननंतरच्या सल्ल्यातूनच. सुरुवातीला सांगतात ना, थोडं थोडं, दर दोन तासांनी घ्या. तेव्हा ते अगदी बरोबर असतं, पोटात मावतच नाही. पण ते थांबवायचं कधी हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सहा महिन्यांसाठीचा नियम मी साडेतीन वर्षं पाळला, आणि आपण फार शिस्तीत आहोत असंही वाटत राहिलं. तुमचा आहाराचा कागद पहिल्या सहा महिन्यांतला असेल तर आजच आहारतज्ज्ञाकडून नवा करून घ्या. जाताना आपण घरी काय खातो ते सांगा. मला पहिला मिळालेला कागद ब्रोकोली आणि किन्वाचा होता. आमच्या मंडईत तेव्हा ब्रोकोली शोधायला लागायची.

मी बदललं ते एवढंच, की खाण्याच्या वेळा बांधल्या. सकाळी आठ, दुपारी दीड, संध्याकाळी पाच, रात्री आठ. मध्ये पाणी किंवा कोरा चहा. दुधाचा चहा दोनदाच, तोही खाण्याच्या वेळेलाच, अर्धा चमचा साखर घालून. प्रमाण मी कमी केलंच नाही, उलट दुपारचं जेवण वाढवलं. पहिले दहा दिवस वाईट गेले, अकरा वाजता हात आपोआप डब्याकडे जायचा. सासूबाईंना वाटायचं मी उपाशी मरतेय, ‘अगं, घासभर तरी घे’ म्हणून मागे लागायच्या. शेवटी चिवड्याचा डबा त्यांच्या खोलीत गेला. त्यांच्या खोलीत जाऊन चिवडा मागायला मला लाज वाटते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

दुसरं प्रोटीन. स्लीव्हवाल्यांना साधारण 60 ते 80 ग्रॅम रोज लागतं, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. मी मोजलं तर जेमतेम 35 भरत होतं. आपला समज असतो की वरणात भरपूर असतं. एक वाटी पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असलं तरी खूप. दोन अंड्यांत 12, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. आता ताटात आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर संपवायचं, मग भाजी, भाकरी सर्वांत शेवटी आणि जमेल तेवढीच. उलट्या क्रमाने खाल्लं तर भाकरीनेच पोट भरतं. सकाळी मुगाचं धिरडं, संध्याकाळी फुटाणे आणि ताक. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. घास पाण्याबरोबर पुढे ढकलला गेला की लवकर भूक लागते.

उपवासाचं वेगळं सांगते. मी नवरात्राचे नऊ दिवस करायचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप. एका नवरात्रात दोन किलो वाढले आणि केस गळाले ते वेगळंच. आता घट बसतात, आरती होते, पण मी दही, दूध, पनीर आणि थोडी भगर यावर राहते, उठता-बसता दोनच दिवस. गुरुजींची काही हरकत नव्हती, नणंदेची होती.

व्यायामाचं फार लांबवत नाही. नुसतं चालून माझं वजन हललं नाही. जेव्हा खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं आठवड्यातून तीनदा सुरू केलं, तेव्हा फरक पडला. एवढं वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही जातात, ते भरून काढायचे तर स्नायूंवर जोर पडायला हवा. रविवारी मात्र अजिंक्यताऱ्यावर चालत जाते. 121 किलोची असताना मी तो किल्ला फक्त गॅलरीतून बघितला होता.

गोळ्या. इथे मी दुसरी चूक केली. दोन वर्षांनी ‘आता बरी आहे’ म्हणून सगळ्या बंद केल्या. वर्षभरात पायाला मुंग्या आणि जिना चढताना धाप. बी-12 तळाला गेलं होतं आणि लोहाचा साठाही. स्लीव्ह असो की बायपास, मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, कॅल्शियम हे जन्मभराचं आहे, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून डोस ठरवायचा. लोहाची गोळी चहासोबत नाही आणि कॅल्शियमसोबतही नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. अंगात लोह नसेल तर व्यायाम करवत नाही, आणि मग थकव्यावर उपाय म्हणून आपण काय करतो? चहा-बिस्किट.

तुम्ही दारूचं काही लिहिलेलं नाही, तरी सांगते. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेले एक दादा आहेत. आधी कधीमधी घेणारे, नंतर रोज घ्यायला लागले. या ऑपरेशननंतर, बायपासमध्ये तर विशेष, दारू लवकर आणि जास्त चढते. खाण्याची जागा ती घेऊ शकते. त्यांनी हे डॉक्टरांना सांगायला दोन वर्षं लावली.

परत ऑपरेशन? तीन किलोसाठी कुणीही करणार नाही. वजन खूपच परतलं किंवा जळजळ असह्य झाली तर स्लीव्हचं बायपास करतात, पण त्याआधी दुर्बिणीने तपासतात, खाणं तपासतात. 2025 मध्ये भारतात मार्चला मुंजारो आणि जूनला वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं आली, तीही काही पेशंटना देतात. मी घेतलेली नाहीत. विचारायचं तर सर्जनना विचारा, मेडिकलवाल्याला नको. आणि सतत उलट्या होत असतील, घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल तर वजनबिजन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजन मी रविवारी सकाळी एकदाच करते आणि कॅलेंडरवर लिहिते. 80 ही माझी रेघ. ती ओलांडली की वही पुन्हा चार दिवस बाहेर काढायची, एवढंच. 72 वर परत जायचा नाद सोडला. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे 78 ला मी अजूनही लठ्ठच आहे, पण साखर गोळीशिवाय नॉर्मल आहे, बीपीची गोळी सुटली, गुडघे किल्ला चढतात. 72 ला मी पाणी पितानाही घाबरायचे. तुमची रेघ 71 नसेलही, कदाचित 75-76 असेल. ते रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आत्ता आमच्याकडे गणपती आहेत. काल दुपारी उकडीचे दोन मोदक खाल्ले, तूप घालून, दीड वाजता, पानावर बसून. भाकरी घेतली नाही. या रविवारी 78.6 होतं.