तापीतून गलबतं यायची का?

प्रश्न: तापी आपल्याकडून पुढे सुरतेला जाते. पूर्वी सुरतेची गलबतं थेट शहाद्याजवळच्या प्रकाशा गावापर्यंत यायची, असं आमच्या भागात जुनी माणसं सांगतात. हे खरं का? आणि एवढं नावाजलेलं बंदर मागे का पडलं?
— एक वाचक, शहादा

उत्तर: प्रकाशापर्यंत गलबत येणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात आपल्याकडे तापीचं पात्र खडकाळ आणि उथळ. पावसाळ्यात तिला असा पूर येतो की नाव हाकता येत नाही. त्यात पुढे डोंगर नदीला दोन्हीकडून आवळतात. खानदेशचा माल सुरतेला जायचा तो बैलांवर आणि गाड्यांवर. लमाणांच्या तांड्यातला एक बैल सव्वाशे-दीडशे किलोची गोणी वाहायचा.

खुद्द सुरतेतही मोठी जहाजं येत नसत. शहर मुखापासून वीसेक किलोमीटर आत आहे आणि मुखाशी वाळूचे दांडे. म्हणून जहाजं मुखाच्या उत्तरेला सुवाळीला नांगरायची. तिथे दांड्यामागे लाटांपासून आडोसा होता. माल उतरवून गाड्यांनी, नाहीतर भरती साधून होड्यांनी शहरात आणायचा. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे सगळी घाई दिवाळीच्या आगेमागे.

आधी नाव होतं पलीकडच्या काठावरच्या रांदेरचं. पोर्तुगिजांनी 1530 मध्ये ते जाळलं आणि व्यापार सुरतेकडे सरकला. 1573 मध्ये अकबराने सुरत घेतली. हाजी इथूनच मक्केला निघू लागले. 1601 मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला पडला, खानदेश मोगलांकडे गेला, आणि बुऱ्हाणपूर ते सुरत सगळी वाट एकाच सत्तेखाली आली. सुरतेच्या भरभराटीचं खरं कारण आमच्या मते हेच. नदीला श्रेय उगाच जास्त मिळतं. इंग्रज वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेला उतरून याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नवापूरच्या तांदळाबद्दल लिहून ठेवलंय: दाणा नेहमीच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा. धरणगावला इंग्रजांनी 1674 मध्ये वखार घातली ती कापडासाठी.

मागे पडण्याचं कारण म्हणून 1664 आणि 1670 ची शिवाजी महाराजांची लूट सांगितली जाते. धक्का मोठा होता, पण त्यानंतरही बंदर चालू राहिलं. इंग्रजांनी 1687 मध्ये मुख्य ठाणं मुंबईला हलवलं, कारण तिथे खोल पाणी होतं आणि डोक्यावर मोगल सुभेदार नव्हता. औरंगजेबानंतर वाटा बेभरवशाच्या झाल्या, व्यापाऱ्यांच्या हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, अडकू लागल्या. गाळ तर दरसाल साचतच होता, आणि त्यात आपल्या काळ्या मातीचा वाटाही थोडाथोडका नाही!

शेवटचा घाव रेल्वेचा. 1860 नंतरच्या दशकात थळ घाटातून गाडी भुसावळला पोचली आणि खानदेशचा कापूस सरळ मुंबईला जाऊ लागला. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा तापीखोऱ्याचा फाटा झाला तो 1900 च्या सुमारास, जवळजवळ जुन्या तांड्यांच्याच वाटेने. तोवर कापसाचे व्यापारी, दलाल सगळे मुंबईकडे वळले होते. आज मोठी जहाजं लागतात ती हजिऱ्याला, म्हणजे जुन्या सुवाळीच्या शेजारीच.