मोठ्यांची स्पायरोमेट्री दहा मिनिटांत होते, मग पाच वर्षांच्या मुलीची का होत नाही? आणि नवजात बाळाची फुप्फुसं मोजतात तरी कशी?

तुमच्या वडिलांची स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, सहज झाली, त्याच यंत्रावर पाच वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर मात्र 'ग्राह्य नाही' असा शेरा आला. असं का झालं, तिच्याहून लहान बाळांची तपासणी कशी करतात आणि या आकड्यांवर किती विसंबायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिन्हींचं मूळ एकच आहे. स्पायरोमीटरला फक्त फुंकर कळते, फुप्फुसाबद्दलचा निष्कर्ष आपण त्या फुंकरीवरून काढतो. फुंकर अर्धवट असली की आकडाही अर्धवट. आणि जिथे हवी तशी फुंकर मिळणारच नाही, तिथे दुसरं काहीतरी मोजावं लागतं.

मोठ्यांच्या तपासणीत नेमकं काय होतं ते आधी सांगतो. ताठ बसायचं, तळपाय जमिनीवर, नाकाला चिमटा, माउथपीस दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटलेले, जीभ खाली. दोन-चार नेहमीचे श्वास घ्यायचे आणि मग छाती पूर्ण भरायची. भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त न थांबता एकदम जोरात फुंकायचं, हवा संपली असं वाटलं तरी ढकलत राहायचं आणि शेवटी पुन्हा पूर्ण श्वास आत घ्यायचा. बाहेर पडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, त्यातली पहिल्या सेकंदातली हवा म्हणजे एफईव्ही१.

मी आधी आलेख बघतो, आकडे नंतर. सुरुवात रेंगाळली असेल तर एफईव्ही१ विश्वासाचा राहत नाही. म्हणून फुंकरीचा जोर लागण्याआधी निसटलेली हवा एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिली, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत असावी लागते. पहिल्या सेकंदात खोकला आला तर ती फुंकर बाद. लवकर थांबल्यास एफव्हीसी कमी भरतो, त्यामुळे एफईव्ही१ आणि एफव्हीसीचं गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं आणि श्वासमार्ग अरुंद असल्याचं लपून जातं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा जास्त हवा बाहेर आली नाही, म्हणजे आलेख सपाट झाला, किंवा फुंकर १५ सेकंद टिकली, तर ती पूर्ण धरतात.

सगळ्यात फसवी चूक मात्र वेगळीच: सुरुवातीला छाती पूर्ण भरलेलीच नसते. आलेख देखणा दिसतो, दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात कमी येतात आणि फुप्फुसच आकसलंय असं वाटतं. ती पकडायची सोय शेवटच्या श्वासात आहे. फुंकरीनंतर आत घेतलेली हवा बाहेर टाकलेल्या हवेपेक्षा १०० मिली किंवा ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याहून जास्त भरली, तर आधी छाती अर्धीच भरली होती हे उघड आहे. म्हणून तो शेवटचा श्वास टाळू देऊ नये. अशा किमान तीन ग्राह्य फुंकरी हव्यात आणि सर्वांत चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलीच्या आत. मोठ्यांना साधारण आठ प्रयत्नांपलीकडे ताणत नाहीत.

यंत्राची बाजूही लक्षात घ्या. रोज ३ लिटरच्या सिरिंजने हवा ढकलून बघायची, सावकाश, मध्यम आणि जोरात. तिन्ही वेळा उत्तर ३ टक्क्यांच्या आत यायला हवं. सिरिंज यंत्राशेजारीच ठेवायची, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहतं. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि पूर्ण दमट असते, यंत्रात येताना ती थंड होऊन आकसते. हा फरक भरून काढायला यंत्र आकड्यात दुरुस्ती करतं, खोली २२ अंशांची असेल तर ती तब्बल ९ टक्क्यांची असते. यंत्राला खोलीचं तापमान चुकीचं कळलं तर दिवसभरातल्या प्रत्येकाचा आकडा एकाच दिशेला सरकतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

आता मुलीबद्दल. पाच वर्षांच्या मुलाचं फुप्फुस लहान, पण त्या मानाने श्वासमार्ग रुंद असतात. निरोगी फुप्फुस एका सेकंदाच्या आसपास रिकामं होतं. साहजिकच एफईव्ही१ जवळजवळ एफव्हीसीइतकाच येतो आणि गुणोत्तरातून फारसं काही कळत नाही. म्हणून या वयात पाऊण किंवा अर्ध्या सेकंदाची हवा बघतात. जुन्या निकषांत दहा वर्षांखालच्या मुलांनी किमान ३ सेकंद आणि मोठ्यांनी ६ सेकंद फुंकावं अशी अट होती. २०१९ च्या निकषांत ती राहिलेली नाही. दोन फुंकरींमधला फरकही सहा वर्षांपर्यंत १०० मिली किंवा १० टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा चालतो. त्यामुळे शेरा नेमका कोणत्या अटीमुळे आला हे विचारा आणि आलेख मागून घ्या. यंत्राने जुनी किंवा मोठ्यांची अट लावली असेल, तर मुलीची फुंकर प्रत्यक्षात चांगली असू शकते.

पडद्यावरच्या मेणबत्त्या विझवायचा खेळ मुलांना आवडतो, पण त्यात नुसता जोर जिंकतो आणि मूल 'फू' करून थांबतं. फुंकर लांबवली तरच जिंकता येईल असा खेळ निवडावा. यंत्राला लावण्याआधी कागदाची पट्टी जास्तीत जास्त वेळ उडती ठेवायला शिकवलं तर निम्मं काम होतं. मुलांना आठापेक्षा जास्त प्रयत्न द्यायला हरकत नाही, मात्र मूल दमलं किंवा कंटाळलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी तेच मूल छान फुंकतं.

तरीही जमलं नाही तर ऑसिलोमेट्री विचारा, माझ्या मते या वयासाठी ती जास्त योग्य आहे. आर्थर ड्युबॉय आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेलं हे तंत्र. मुलीने माउथपीसमधून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, बस. यंत्र त्या श्वासावर ५ हर्ट्झपासून पुढच्या बारीक दाबलहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींवरून श्वासमार्गाचा अवरोध आणि फुप्फुसाची ताण घ्यायची तऱ्हा काढतं. यात एकच गोष्ट बहुतेकदा चुकते: गाल. मोठ्या माणसाने दोन्ही तळव्यांनी गाल आणि हनुवटीखालचा भाग आधार देऊन धरायला हवा. नाहीतर लहरींचा काही भाग गाल हलवण्यातच जातो आणि अवरोध खऱ्याहून कमी दिसतो. जीभ माउथपीसखाली, नाकाला चिमटा, मध्ये गिळणं नको. किमान तीन नोंदी घ्यायच्या आणि त्यांच्यातली तफावत मुलांमध्ये १५ टक्क्यांच्या आत, मोठ्यांमध्ये १० टक्क्यांच्या आत असावी.

पूर्ण फुंकर मारल्यावरही फुप्फुसात जी हवा उरते, ती स्पायरोमीटरला दिसतच नाही. तिच्यासाठी बंद काचेच्या खोलीतली बॉडी प्लेथिस्मोग्राफी असते. श्वास सोडून झाल्यावर झडप दोन-तीन सेकंद बंद होते, माणूस तिच्याविरुद्ध हलके धापल्यासारखे श्वास घेतो आणि दाब-आकारमानाच्या बॉइलच्या नियमाने आतली हवा निघते. ही धाप मिनिटाला ३० ते ६० च्या वेगाने ठेवावी. श्वासमार्ग फार अरुंद असताना जास्त वेगाने धापलं तर आकडा फुगतो.

नवजात बाळाकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. ३ किलोचं बाळ एका श्वासात किलोमागे ४ ते ६ मिली, म्हणजे १२ ते १८ मिली हवा घेतं आणि मिनिटाला ४० ते ६० श्वास. मोठ्या माणसाचा साधा श्वास ५०० मिलीचा, त्यात मास्कची ३० मिली पोकळी आली तरी काही बिघडत नाही. बाळाच्या बाबतीत तेवढ्या पोकळीत दोन श्वास मावतात. ते स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहील, कार्बन डायऑक्साइड साठेल आणि श्वासाची चालच बदलेल. म्हणून मास्क आणि प्रवाहमापक मिळून पोकळी किलोमागे २ मिलीच्या आत ठेवतात. गळतीचंही तसंच, १ मिली निसटली तरी ६ ते ८ टक्क्यांची चूक. मास्कच्या कडेला मऊ पुट्टीचं कडं लावून नाकातोंडाभोवती तो बसवतात. नाक दाबलं जाणार नाही हे बघावं लागतं, कारण बाळ नाकानेच श्वास घेतं आणि एकूण अवरोधाचा निम्म्याच्या आसपास वाटा नाकाचाच असतो. सर्दी असेल तर तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकललेली बरी.

दूध पाजून झोपलेल्या बाळाला उताणं, मान मध्यरेषेत आणि किंचित मागे ठेवून, शांत झोपेत मोजतात. शांत झोपेचा आग्रह उगाच नाही. बाळाच्या बरगड्या मऊ असतात, छातीचा पिंजरा फुप्फुसाला बाहेर ओढून धरू शकत नाही. हवा फार निघून जाऊ नये म्हणून बाळ स्वरयंत्र आकसून उच्छ्वासाला लगाम घालतं आणि फुप्फुस रिकामं होण्याआधीच पुढचा श्वास घेतं. डोळे फिरत असलेल्या झोपेत हे स्नायू ढिले पडतात, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात आणि उरलेल्या हवेची पातळी खाली येते. एकाच बाळाचे दोन झोपांमधले आकडे म्हणूनच जुळत नाहीत. महिन्याभरापुढची बाळं मास्क लावल्यावर सहसा झोपून राहत नाहीत. त्यांना क्लोरल हायड्रेटसारखं झोपेचं औषध द्यावं लागतं, म्हणजे ऑक्सिजनची पातळी सतत बघणारा अनुभवी माणूस आणि तातडीची साधनं जवळ हवीतच. बाळांची ही तपासणी मोजक्या ठिकाणी होते, त्याचं मोठं कारण हेच.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी पद्धत म्हणजे एकच झडप, एकच क्षण. श्वास पूर्ण आत गेला की झडप बंद करतात. फुप्फुस ताणलेलं राहिल्याने हेरिंग-ब्रॉयर ही प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि बाळ क्षणभर कुठलाच जोर लावत नाही. त्या क्षणी मास्कमधला दाब किमान एक दशांश सेकंद सपाट राहिला, तर तो फुप्फुस आणि छातीच्या निव्वळ ताणाचा दाब असतो. मग झडप उघडायची, हवा आपोआप बाहेर येते.

समजा बाहेर आली १६ मिली आणि दाब होता पाण्याच्या ४ सेंमीइतका. कम्प्लायन्स, म्हणजे ठरावीक दाबाला फुप्फुस किती फुगतं ते, झाली प्रत्येक सेंमीला ४ मिली. हवा बाहेर पडण्याच्या आलेखाची रेषा सरळ असेल तर तिच्या उतारावरून रिकामं होण्याचा कालांक मिळतो, समजा ०.१२ सेकंद. त्याला ०.००४ लिटरने भागलं की अवरोध ३०, म्हणजे सेकंदाला १ लिटर प्रवाहासाठी पाण्याच्या ३० सेंमीचा दाब. मोठ्यांची कम्प्लायन्स प्रत्येक सेंमीला १०० मिलीच्या आसपास असते, पण किलोमागे काढली तर ७० किलोच्या माणसाची आणि या बाळाची जवळपास सारखीच येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुस सहज फुलू देणारा आतला पदार्थ, कमी पडला की किलोमागचा आकडाच निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो.

सपाट दाबाऐवजी लाट दिसली तर बाळाने जोर लावलाय, रेषा वाकडी असेल तर फुप्फुसाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने रिकामे होतायत. दोन्ही वेळा हे गणित लागू पडत नाही आणि ती नोंद टाकून द्यावी.

मोठ्यांसारखी फुंकरच हवी असेल तर बाळाचं फुप्फुस पाण्याच्या ३० सेंमीच्या दाबाने काही वेळा फुगवून, अंगातलं हवेचं जाकीट एकदम फुगवतात आणि अर्ध्या सेकंदात बाहेर आलेली हवा मोजतात. हवा फुप्फुसात किती समान पसरते हे बघायला धुलाईची पद्धत आहे: आतला वायू चाळिसाव्या भागावर येईपर्यंत फुप्फुसातली हवा किती वेळा बदलावी लागली ते मोजायचं. मोठ्या मुलांत शुद्ध ऑक्सिजनने नायट्रोजन धुतात. लहान बाळांत शुद्ध ऑक्सिजनने श्वासाची चाल बदलते, म्हणून थोडा सल्फर हेक्साफ्लोराइड वायू वापरतात. नायट्रोजनच्या पद्धतीत मास्क गळला की खोलीतला नायट्रोजन आत शिरतो, धुलाई संपतच नाही आणि आकडे फुगतात.

व्हेंटिलेटरवरच्या बाळात प्रवाहमापक श्वासनळीतल्या ट्यूबच्या तोंडाशीच हवा. व्हेंटिलेटरच्या नळ्या प्रत्येक सेंमी दाबाला १ मिली ताणल्या जात असतील, तर २० सेंमीच्या दाबाला २० मिली त्यातच जाते, म्हणजे बाळाच्या श्वासापेक्षाही जास्त. ट्यूबभोवती हवा गळत असते, म्हणून आत गेलेल्यापेक्षा बाहेर आलेली हवा खऱ्याच्या जवळ असते. आकडे अचानक विचित्र झाले तर आधी मापकात पाण्याचा थेंब किंवा स्राव अडकलाय का ते बघावं. मापक दाबातल्या फरकावर चालणारा असेल तर ऑक्सिजनचं प्रमाणही त्याला कळवायला हवं. शुद्ध ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १० टक्के जास्त चिकट असल्याने प्रवाह तेवढा जास्त दिसतो.

राहिला विसंबण्याचा प्रश्न. 'अपेक्षितच्या ८० टक्क्यांखाली म्हणजे आजार' हा नियम सोडून द्या. रिपोर्टवर झेड-स्कोअर बघा, म्हणजे निरोगी लोकांच्या सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते. उणे १.६४५ च्या खाली असेल तर आकडा निरोगी लोकांतल्या तळाच्या ५ टक्क्यांत येतो. याचा अर्थ शंभर निरोगी माणसांतली पाचही तिथे सापडतील, म्हणून लक्षणांशिवाय एकट्या आकड्यावर निदान नको. उंची अनवाणी मोजलेली हवी, सांगोवांगीची नको, कारण सगळी अपेक्षित मूल्यं तिच्यावर उभी असतात. ही मूल्यं काढायची जीएलआय या आंतरराष्ट्रीय गटाची २०१२ ची समीकरणं ३ ते ९५ वर्षांना लागू आहेत आणि नंतर वंशाचा विचार न करणारं जागतिक समीकरणही आलं. दोन भेटींत वेगळी समीकरणं वापरली गेली तर फुप्फुस जसंच्या तसं असूनही झेड-स्कोअर बदलतो, तेव्हा तुलना लिटरमधल्या आकड्यांची करा. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं असेल तर साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार झोत स्पेसरमधून देऊन १० ते १५ मिनिटं थांबलेलं असावं. २०२२ च्या निकषांनुसार वाढ अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती लक्षणीय.

पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना विचारून घ्या की ती निदानासाठी आहे की उपचाराचा परिणाम बघायला. निदानासाठी असेल तर साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल २४ तास आणि वडिलांना टायोट्रोपियम चालू असेल तर ३६ ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात. उपचाराचा परिणाम बघायचा असेल तर औषधं नेहमीसारखी घ्यायची आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून न्यायचं. दम लागला तर मात्र औषध लगेच द्या, तपासणी नंतरही करता येते.