जुन्या फायबर बोटीची मागची फळी कुजली आहे. वरून लोखंडी प्लेट मारून चालेल, की आतलं लाकूडच बदलावं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुराच्या दिवसांत वापरायची १६ फुटी जुनी फायबर बोट, तिला २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. इंजिन उचलताना मागची फळी हलते, मधली फरशी पायाखाली दबते. मिस्त्री म्हणतो, दोन्ही बाजूंनी प्लेट मारून बोल्ट आवळू. आणि लाकूड बदलायचंच तर खानापूरचं सागवान चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

प्लेट मारू नका. लाकूड बदला. येडूर, कल्लोळ, सदलगा या नदीकाठच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टात बोट लागते ती माणसं काढायला. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं तुम्हाला मी सांगायला नकोत. भरल्या बोटीत, पुराच्या ओढीत इंजिनासकट फळी निघून आली तर काय होईल याचा विचार करूनच मी हे एवढं लांब लिहितोय.

मी बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला फायबरचं काम करतो. रोजचं काम टाक्या आणि साचे. बोटी येतात त्या उन्हाळ्यात, बहुतेक कृष्णाकाठाकडून नाहीतर हिडकल धरणाच्या बाजूने. येणाऱ्या बोटींत कुजण्याची जागा जवळपास ठरलेली असते: ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसतं ती मागची फळी, तिचा खालचा भाग, पाणी सोडायच्या भोकाच्या आजूबाजूला. तिथून कूज तळाच्या उभ्या वाशांत, म्हणजे स्ट्रिंजरमध्ये शिरते आणि शेवटी फरशीत.

प्लेट का नको ते आधी समजून घ्या. ट्रान्सम म्हणजे नुसतं लाकूड नसतं. बाहेर फायबरचा थर, आत फायबरचा थर, मध्ये साधारण ३८ मिलीमीटर प्लाय, आणि हे तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले. ताकद त्या चिकटण्यात आहे. मधलं लाकूड भुसा झालं की दोन्ही थर आपापले वाकायला लागतात, आणि तीन-चार मिलीमीटरचा एकटा थर ५० किलोचं इंजिन पेलू शकत नाही. जाडी निम्मी झाली की ताठपणा निम्मा होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. प्लेट मारून बोल्ट आवळले की ओलं लाकूड आणखी चेपतं, दोन दिवसांनी बोल्ट पुन्हा ढिले होतात, आणि वर पाण्याला आत शिरायला नवी भोकं मिळतात.

आता कूज आली कुठून? पुष्कळ लोकांना वाटतं नदीत राहून बोट कुजली. लाकूड खाणारी बुरशी वाढायला ओल लागते आणि हवाही लागते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचं काही चालत नाही, आणि पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूडही सावकाश कुजतं. नेमकी मधली अवस्था वाईट, आणि ती आपल्या बोटींना आवारात मिळते. पूर ओसरला की बोट कुठल्यातरी ऑफिसच्या मागे, चिंचेखाली उताणी पडलेली असते. पुढच्या पावसात त्यात वीतभर पाणी, पालापाचोळा, बूच लावलेलं. दोन महिने काम आणि दहा महिने असं. त्यात आपलं पाणी गोडं. मीठ बुरशीला मारक असतं, म्हणून मालवण-कारवारकडची बोट जे सोसते ते आपली सोसत नाही. तिकडच्या माणसाने सांगितलेला 'अजून चार वर्षं चालेल' हा हिशोब इथे धरू नका.

काम सुरू करण्याआधी कूज किती पसरली ते बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग आतल्या बाजूने ६ मिलीमीटरचं ड्रिल मारा, बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवा म्हणजे बाहेरचा थर फुटणार नाही. पांढरट कोरडा भुसा आला तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी, ओला, आंबूस वासाचा चिखल आला तर ते गेलं. ट्रान्समच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत, बुचाच्या भोकाजवळ, प्रत्येक वाशाच्या मागच्या टोकाला आणि मध्यावर अशी भोकं घ्या. फरशी दबतेय म्हणता, म्हणजे वासेही तपासावेच लागतील. फक्त ट्रान्सम नवा करून तो कुजक्या वाशांना जोडण्यात अर्थ नाही, कारण इंजिनाचा रेटा ट्रान्सममधून वाशांत आणि वाशांतून तळात जातो.

कापण्याआधी बोट नीट बसवा. ही पायरी लोक टाळतात आणि मग बोट कायमची वाकडी होते. फरशी आणि वासे काढले की तळ पातळ कवच राहतो. तो ज्या आकारात टेकलेला असेल त्याच आकारात नवं लॅमिनेशन, म्हणजे रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेले कापडाचे थर, त्याला पक्कं करतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हे काम करू नका. सपाट जमिनीवर लाकडी आधार करा, मधल्या कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना वाशांच्या रेषेत. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही कोपरे एका पातळीत आणा. ट्रान्समचा कोन, मधली उंची, वाशांची उंची आणि अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवले तर उत्तम. उंचीला फार महत्त्व आहे: छोट्या शाफ्टच्या (खाली पाण्यात जाणाऱ्या दांड्याच्या) इंजिनाला ट्रान्सम १५ इंच लागतो, लांब शाफ्टला २० इंच. यात गफलत झाली तर इंजिन पाणी धरत नाही. आणि सगळे वासे एकदम काढू नका. एक काढा, नवा बसवा, तो पक्का झाला की दुसरा.

कापायचं आतून. बाहेरचा थर आणि जेलकोट, म्हणजे त्यावरचा रंगीत चकचकीत लेप, तसाच ठेवा, तोच तुमचा साचा. आतला थर कडेपासून दोन-तीन इंच सोडून ग्राइंडरने कापा, पत्र्यासारखा सोलून काढा, मग पटाशीने लाकूड. वरचं लाकूड बऱ्याचदा चांगलं निघतं आणि ते ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्यापुढे गेलेली असते. नंतर ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने आतला पृष्ठभाग घासून स्वच्छ, कोरडं फायबर उघडं करा. या धुळीला रुमाल पुरत नाही. फिल्टरचा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उघडी जागा. सोबतच्या पोरांनाही तेच द्या, ते मागणार नाहीत.

मग थांबा. जुना थरही ओल धरून असतो. रात्री एक चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून सुकलेलं नाही. म्हणूनच हे काम शिमग्यानंतर धरायचं आणि मृगाच्या आधी संपवायचं. खानापूर भागात जूनमध्ये हवा इतकी दमट होते की रेझिनवर भरवसा ठेवता येत नाही.

आता सागवान. ट्रान्समला नको. रुंद फळी आडवी फुगते-आकसते आणि चिकटवण सोडवते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ती फार हलत नाही. मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला. आयएस ३०३ (साध्या वापराच्या प्लायचं मानक) ची पाटी दाखवून 'हाही वॉटरप्रूफच' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ७१० च्या परीक्षेत तुकडा ७२ तास उकळतात. तुम्ही घरी एक तुकडा दिवसभर उकळून बघा आणि कापलेल्या कडेला पोकळ्या आहेत का तेही बघा. १८-१९ मिलीमीटरचे दोन थर चिकटवून हवी ती जाडी येते. वाशांना मात्र सरळ रेषांचं सुकं सागवान चालतं. त्यात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि पुसल्यावर लगेच चिकटवा.

रेझिनवर माझं मत ठाम आहे: लाकूड चिकटवायला इपॉक्सी. फायबरच्या टाक्या आणि पत्रे ज्याने होतात ते पॉलिस्टर स्वस्त आहे, पण लाकडाला ते नीट धरत नाही. तुमच्या बोटीतला जुना थर लाकडावरून किती सहज सुटतो ते काढताना दिसेलच. एकदा इपॉक्सी लावलं की वरचे थरही इपॉक्सीचेच, कारण पक्क्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट बसत नाही. इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट, म्हणजे फायबरच्या तुटक धाग्यांची चटई, वापरू नका. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तसाच कडक राहतो. शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांनी धागे असलेलं, कापड मागा.

मिस्त्री टाक्यांचं काम करणारा असेल तर त्याला एक गोष्ट बजावून सांगा. पॉलिस्टरमध्ये हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) १ ते २ टक्के घालतात आणि ऊन-थंडी बघून कमी-जास्त करतात. इपॉक्सीत तसं करायचं नसतं. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनकाट्यावर तोलून. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर ते लवकर होत नाही, कायमचं मऊ राहतं, आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. मे महिन्यात मोठ्या मगात मिश्रण केलं तर ते मगातच तापून धूर काढतं. सकाळी लवकर, थोडं थोडं, पसरट भांड्यात करा. पॉलिस्टर वापरणारच असाल तर कोबाल्ट (सेट होण्याचा वेग वाढवायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो.

बसवण्याआधी प्लायला दोन्ही बाजूंनी पातळ इपॉक्सीचा हात द्या, कडांना तीन वेळा, कारण पाणी कडेतूनच ओढलं जातं. मग सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी फरशीवाल्याच्या दातेरी थापीने बाहेरच्या थरावर पसरा, प्लाय दाबा, शिकंजे लावा. चारही बाजूंनी थोडं थोडं बाहेर आलं पाहिजे, म्हणजे आत हवा राहिली नाही. शिकंजे जीव लावून आवळू नका, सगळं चिकटवण पिळून निघून जाईल. कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई द्या, अंगठ्याएवढी. काटकोनात कापड बसत नाही, खाली बुडबुडा राहतो. त्यावर कापडाचे थर, प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा एक-दोन इंच बाहेर, तळावर आणि बाजूच्या भिंतींवर चांगला चढवलेला. दुसऱ्या दिवशी पुढचा थर देताना पृष्ठभाग आधी पाण्याने धुवा, मग घासा. इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी घासला तर आणखी आत मुरतो.

फरशीखाली जुना फोम असेल तर तो पिळून बघा. पाणी गळलं तर सगळा काढा. पण 'फोममुळेच कुजलं' म्हणून नवा न घालता बोट बंद करू नका. पाणी भरलेली बोट तरंगते ती त्याच जागेमुळे. एक लिटर बंद जागा जवळपास एक किलो वजन उचलते. पुराच्या बोटीत हे सोडून चालणार नाही. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम घाला, आणि त्याच्याखाली तळाशी पाणी मागे वाहायला वाट ठेवा. वाशांत पाण्यासाठी भोकं पाडाल तिथे पीव्हीसी पाइपचा तुकडा इपॉक्सीत बसवा, लाकूड उघडं राहता कामा नये.

हाच नियम प्रत्येक भोकाला. इंजिनाचे बोल्ट, दोर बांधायची कडी, बुचाचं भोक, सगळी भोकं आधी मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, पक्की झाली की मधोमध योग्य मापाचं भोक पुन्हा पाडा. बोल्ट मग इपॉक्सीतून जातो, लाकडाला शिवत नाही. सील करायला मरीन पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन नको, ते सुटतं आणि त्याच्या तेलकट डागावर नंतर काहीच चिकटत नाही. खरं सांगायचं तर तुमची बोट ज्या दिवशी कुणीतरी सील न करता लाकडात साधा स्क्रू मारला त्याच दिवशी कुजायला लागली असणार.

बाहेरचा थरच कण्यावर आडवा चिरला असेल, किंवा तळाला दोन-तीन ठिकाणी जुनी ठिगळं असून ती हलत असतील, तर मात्र एवढं काम करू नका. पंचायतीला नवी बोट मागायला सांगा. नुसतं लाकूड गेलं असेल आणि कवच चांगलं असेल तर ही बोट दुरुस्त होते, आणि कारखान्यातून आली होती त्यापेक्षा टिकाऊ होते.

काम झाल्यावर आठवडाभर तरी इंजिन चढवू नका. पहिली फेरी पुराच्या पाण्यात नको, मेअखेरीस एखाद्या बंधाऱ्याच्या संथ पाण्यात घ्या. माणसांऐवजी वाळूची पोती भरा, इंजिन हळूहळू वाढवत पूर्ण ताकदीवर न्या, परत आल्यावर ट्रान्समच्या कोपऱ्यांत पुन्हा ठोकून बघा आणि गोलाईवर केसाएवढी भेग आहे का ते टॉर्चने बघा. नंतर बूच काढून, नाक वर करून, वर पत्रा किंवा ताडपत्री घालून ठेवा. पालथी घालायला माणसं मिळाली तर पालथीच. आधी त्या ड्रिलच्या भोकांतून काय निघालं ते इथे लिहा, म्हणजे वाशांचं किती काम आहे ते सांगता येईल.