गुडघे ठणठणीत आहेत ना?

पत्र (थोडं कापून):

"वय 67. गेली अडीच वर्षं हा त्रास आहे. एकदम घाईची येते आणि पोचेपर्यंत अनर्थ होतो. बाहेरून आल्यावर कुलपात किल्ली फिरवली की हमखास. रात्री तीन-चारदा उठते. दुपारी चारनंतर पाण्याला शिवत नाही, तरी फरक नाही. पॅड वापरते. हे फार समजूतदार आहेत. मला ओशाळं वाटू नये म्हणून त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलंय की हिचे गुडघे दुखतात. त्यामुळे समारंभ, प्रवास, कुणाकडे मुक्काम, कशाचाच आग्रह होत नाही. मुलगी काळजीनं डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, त्या मी अर्थातच घेतल्या नाहीत. आता शाळेतल्या मैत्रिणी चार दिवस एकत्र राहायचं ठरवताहेत. गुडघ्यांचं कारण त्यांना पटत नाही. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणू?"

ताई,

नाही कसं म्हणायचं ते मी सांगणार नाही. अडीच वर्षांत तुमचा त्यात चांगला हात बसलाय.

एक्स-रेची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत आणि मैत्रिणींकडे वळलात. मी मात्र तिथेच अडकले. तुम्ही दवाखान्यात गेलात, नंबर येईपर्यंत बसलात (तिथला संडास कुठे आहे ते आल्याआल्या बघून ठेवलं असणार), डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसलात आणि न दुखणारे गुडघे त्यांना दाखवलेत. कुठे दुखतं म्हटल्यावर बोटसुद्धा ठेवलं असेल. मग त्यांनी विचारलं असणार, "आणखी काही त्रास?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला न सांगता कळलं.

जो आजार नाही त्याच्या गोळ्या कपाटात आहेत, आणि जो आहे तो अजून एकाही डॉक्टरच्या कानावर गेलेला नाही. पत्रात 'गुडघे' तीनदा आलेत, 'लघवी' एकदाही नाही. 'घाईची येते' म्हणता. काय येते, गाडी?

तुमच्या यजमानांचं कौतुकही मला करवत नाही. त्यांनी तुमची लाज झाकली खरी, पण झाकण इतकं घट्ट बसवलं की डॉक्टरलाही आत डोकावता येईना. खरा समजूतदार माणूस पहिल्याच महिन्यात म्हणाला असता, चल, दाखवून येऊ. गुडघ्यांचं निमित्त काढणं त्याहून सोपं होतं, एवढंच.

तेव्हा येत्या सोमवारी त्याच डॉक्टरांकडे जा. मुलीला बाहेर बसवा. खुर्चीत बसल्याबसल्या, हवापाण्याचं काही बोलायच्या आत म्हणा, "डॉक्टर, मला लघवी धरवत नाही." पाचच शब्द आहेत. आज रात्री घरी एकदा मोठ्यानं म्हणून बघा, यजमानांना ऐकू जाईल असं.

सोबत दोन गोष्टी न्या. एक वही. तीन दिवस त्यात लिहायचं की किती वाजता गेले, किती झाली (एक मापाचं भांडं त्यासाठी वेगळं ठेवा), कधी सुटली, काय आणि किती प्यायले. दुसरी, तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. तशी गोळी संध्याकाळी घेत असलात तर तुमच्या रात्रीच्या फेऱ्यांचं निम्मं उत्तर तिथेच सापडेल. मनानं मात्र बंद करू नका, वेळ बदलायची का ते विचारा.

किल्लीत भुताटकी नाही. लघवीची पिशवी म्हणजे एक स्नायूच आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत 400 मिलीलिटरच्या आसपास सहज मावतं आणि ती भरत असताना हा स्नायू सैल राहायला हवा. तुमचा बहुधा भरायच्या कितीतरी आधीच आवळतो. घर आलं म्हणजे संडास आला, हे मेंदूनं पक्कं करून ठेवलंय, म्हणून किल्ली फिरली की तो घाई करतो. नळाच्या आवाजानंही कित्येकांना असंच होतं. डॉक्टरांनी हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते मान वरही करणार नाहीत.

पाणी तोडणं मात्र आधी थांबवा. पाणी कमी झालं की लघवी दाट होते आणि पिशवीला आतून चुरचुरवते. उन्हाळी लागते, पोट साफ होत नाही, आणि भरलेलं आतडं पिशवीला आणखी रेटतं. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास प्या. आवरायचंच तर झोपेआधीचे दोन तास आवरा, आणि कडक चहा-कॉफी.

डॉक्टर लघवी तपासतील, साखर बघतील, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत पाहतील. अंग खाली आलंय का तेही बघावं लागतं, तेव्हा लाजू नका. गोळ्या आहेत. पण काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, उतारवयात डोकं गोंधळल्यासारखंही होऊ शकतं, म्हणून कुणाच्या उसन्या घ्यायच्या नाहीत. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बोटॉक्ससुद्धा पिशवीच्या स्नायूत देतात. "वय झालं की चालायचंच" असं कुणी म्हणालं, अगदी डॉक्टर म्हणाले, तरी उठा आणि मूत्ररोगतज्ज्ञ गाठा. लघवीत रक्त दिसलं, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर सोमवारचीही वाट बघायची नाही.

व्यायाम आजच सुरू करता येईल. 1948 साली डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो लिहून ठेवला, म्हणजे जवळपास तुमच्या-माझ्या आयांच्या काळापासून तो आहे, आणि आपल्याला कुणी सांगितला नाही. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण जो स्नायू आवळतो, तोच आवळायचा. पाच मोजेपर्यंत धरायचा, तेवढाच वेळ सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या, श्वास चालू. हे लिहितालिहिता मी दोनदा केला, शेजारी बसलेल्याला पत्ता नाही. तीन महिने नेटानं करावा लागतो, आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून मला लिहू नका.

आणि दारात कळ आली तर धावू नका. धावलं की सुटते, शिवाय रात्रीच्या अंधारात घाईनं उठून हाडं मोडतात. जागच्या जागी उभ्या राहा, तो स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळा, मनात शंभरपासून उलटे आकडे मोजा. कळ लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. उतरली की मग सावकाश चालत जा. किल्ली तोवर कुलपातच राहू दे.

मैत्रिणींना जायचं वेळापत्रक विचारून घ्या. चार जणी 67 च्या असतील तर वाटेत थांबायला काय काय हवं याचा विचार तुमच्याआधी त्यांच्यातल्या कुणीतरी केलेला असणार. गुडघ्यांच्या त्या गोळ्यांची तारीख उलटली असेल, टाकून द्या. आणि मुलीला एवढंच कळवा की गुडघे बरे आहेत.