प्रश्न वाचकांचे: पुळणीवर ई-सायकल

प्रश्न: माझ्या ई-सायकलला मागच्या चाकात 250 वॅटची मोटर आहे आणि पुण्यात ती एका चार्जिंगमध्ये 40 ते 45 किलोमीटर सहज चालते. गेल्या हिवाळ्यात ती गुहागरला नेली व सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर उतरवली. दोनशे मीटरांतच चाक रुतू लागले, मोटर हात लावताच चटका बसेल इतकी तापली आणि दहा किलोमीटरांत बॅटरी संपली. टायर दोन इंची असून हवा 40 पीएसआय होती. दुकानदार सायकलमध्ये दोष नाही म्हणतो. त्याचे खरे मानावे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: दुकानदाराचे म्हणणे बरोबर दिसते. आपण पत्रात दिलेली तारीख मी पंचांगात पाहिली, ती अष्टमी निघाली. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला असतो. म्हणजे सायकल चालवण्याजोगी ओली, दबलेली वाळू त्या वेळी पाण्याखाली होती आणि आपल्या वाट्याला सुरूच्या बनालगतची कोरडी, भुसभुशीत वाळू तेवढी उरली होती. रोगाचे मूळ तिथे आहे, बाकीची लक्षणे त्यातून आली.

टायरमधील हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. स्वार आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरले, तर त्यातले साठेक किलो मागच्या चाकावर येते. 40 पीएसआय दाबाला हे वजन जेमतेम 21 चौरस सेंटीमीटर जागेवर पेलले जाते, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या अर्ध्या पानाएवढ्याही नाही. चार इंच रुंदीच्या जाड टायरमध्ये आठ पीएसआय हवा ठेवली, तर तेच वजन दोन अख्ख्या पानांएवढ्या जागेवर पसरते आणि चाक वाळू कापत आत जाण्याऐवजी तिच्यावरून जाते. दोन इंची टायर मात्र इतका सैल करता येत नाही, कारण रिम आपटते आणि टायर जागचा सरकतो. आपल्या सायकलला 20 ते 25 पीएसआयपर्यंत उतरावे, त्याखाली जाऊ नये. आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी, म्हणजेच हातपंप सोबत ठेवावा.

मोटर तापण्याचे कारण वेगळे आहे. चाकातली मोटर गतीत असताना चांगले काम करते. रुतलेल्या चाकाला ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने ओढताना ती भरपूर विद्युतप्रवाह घेते, पण फिरते हळू. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि बॅटरीतली बरीचशी वीज चाक फिरवण्याऐवजी मोटर तापवण्यात जाते. पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलींत हलका गियर टाकून हे टाळता येते. आपल्याकडे तो मार्ग नाही, तेव्हा कोरडी वाळू दिसली की उतरून सायकल ढकलावी. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही, मीही ढकलतो.

वाळू कशी आहे हे ओळखण्यासाठी टाच दाबून पाहावी. ओल्या वाळूत पावलाभोवतीची जागा क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसली, तर वाळू घट्ट बसलेली आहे आणि चाकाला ती पेलेल. पावलाभोवती पाणी वर आले आणि वाळू लिबलिबली, तर तिथून दूर राहावे. खाडीच्या मुखाशी, किंवा एखादा पऱ्या (लहान ओढा) पुळणीवरून समुद्राला मिळतो तिथे, अशी वाळू हमखास आढळते. वरून ती सपाट आणि चकचकीत दिसते, म्हणूनच फसवते.

प्रश्न: मग किनाऱ्यावर सायकल चालवायला नेमकी वेळ कोणती? दर वेळी इंटरनेटवर तक्ता शोधावा लागतो. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर: तक्ता अवश्य पाहावा, परंतु बेत आखण्यापुरता हिशेब बोटांवर करता येतो आणि कोकणातल्या घराघरांत तो ठाऊक असतो: तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला. द्वितीया असेल तर दीड वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी असते, आणि रोज या वेळा पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतात.

या हिशेबाने पाहिले, तर सकाळच्या फेरीसाठी पौर्णिमा आणि अमावास्या यांनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम ठरतात, कारण तेव्हा ओहोटी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येते. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जाते आणि ओल्या वाळूचा पट्टा ऐसपैस रुंद होतो. त्याची दुसरी बाजू अशी, की उधाणाला पाणी परत येते तेही जोमाने. म्हणून ओहोटीच्या दोन तास आधी, पाणी उतरत असताना निघावे आणि ओहोटी संपून पाणी चढू लागताच माघारी फिरावे. दोन खडकाळ टोकांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणींवर हे विशेष सांभाळावे. गुहागरसारख्या सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या मोकळ्या किनाऱ्यावर निदान वर चढायला जागा तरी असते.

सिंधुदुर्गाकडे जाणार असाल, तर सकाळी रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असताना तिच्या दोरांकडे लक्ष ठेवावे. वाळूच्या रंगाचा, पाण्यातून थेट माणसांच्या हातापर्यंत ताणलेला दोर वेगात असताना दिसत नाही. तिथे थांबावे, उतरावे आणि ओढणाऱ्यांच्या मागून जावे. कोणी दोर धरायला बोलावले, तर सायकल बाजूला लावून खुशाल हात लावावा.

प्रश्न: ई-सायकलला परवाना लागत नाही, तर किनाऱ्यावर कोणी अडवण्याचा प्रश्न येतो कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असलेले बॅटरीवरचे वाहन मोटार वाहन धरले जात नाही, म्हणून त्याला नोंदणी व परवाना लागत नाही. पण ही सवलत रस्त्यापुरती आहे. तिच्यामुळे पुळणीवर जाण्याचा हक्क मिळत नाही. नंबरप्लेट असलेली ई-स्कूटर तर सरळच वाहन आहे. गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालण्यास मनाई असून पोलीस गुन्हे दाखल करतात. कोकणात कुठे ग्रामपंचायतीचा फलक असतो, कुठे पोलिसांचा. फलक नसेल तर ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. उलट केरळात कन्नूरजवळच्या मुझप्पिलंगाड येथील चारेक किलोमीटरच्या किनाऱ्यावर गाड्या चालवायला परवानगी आहे, हे उदाहरण दाखवून कोकणात वाद घालू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कासवांची. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येऊन, भरतीच्या रेषेच्या पलीकडे कोरड्या वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालतात. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम उभे केले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव असल्याने घरट्याला इजा करणे गुन्हा आहे. जाड टायर कोरड्या वाळूवरून गेला तरी मागे चाकोरी राहते. आपल्याला ती क्षुल्लक वाटते, पण पिल्लू बोटाच्या दोन पेरांएवढे असते. ते तिच्यात पडले की बाहेर येईना. चाकोरीतूनच चालत राहते आणि समुद्राऐवजी कावळ्यांच्या तावडीत सापडते. त्यामुळे या किनाऱ्यांवर हंगामात रात्री सायकल नेऊच नये, आणि दिवसाही रस्त्यापासून ओल्या पट्ट्यापर्यंत ती हाताने, लोकांच्या नेहमीच्या पायवाटेने न्यावी. सुदैवाने बॅटरी वाचवण्याचा मार्गही हाच आहे.

प्रश्न: सायकल खाऱ्या पाण्यातून गेली. लगेच नळीने धुतली, तरी महिन्याभरात साखळी गंजली आणि किलोमीटर दाखवणारा आकडा मधूनच बंद पडतो. काय चुकले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: जोराची धार मारली असेल, तर तिने वाळू बेअरिंगमध्ये आणि जोडण्यांमध्ये आत ढकलली. आधी बॅटरी काढून घ्यावी, वाळू कोरडी असतानाच मऊ ब्रशने झाडावी, मग साध्या पाण्याने फडक्याने दोनदा पुसावे आणि सावलीत वाळवावे. साखळीला घट्ट तेल लावले की वाळू त्यात बसून कानशीसारखे घासत राहते. मेणयुक्त कोरडे वंगण लावावे.

आकडा बंद पडण्यामागे आपल्या जिल्ह्याची काळी वाळू असू शकते. तिच्यात लोहयुक्त खनिज असते. चाकाच्या आऱ्यावर वेग मोजण्यासाठी लहानसा चुंबक बसवलेला असतो; तो नीट पाहिला तर त्याला मिशा फुटल्यासारखे काळे कण चिकटलेले दिसतील. चिकटपट्टीचा तुकडा त्यावर दाबून उचलावा, कण निघून येतात. चार्जिंगच्या टोकाशी चुंबकी झाकण असेल तर तेही याच रीतीने साफ करावे.

बॅटरीचा डबा लाटेत बुडाला होता का, हे आपण लिहिलेले नाही. बहुतेक ई-सायकली पावसाच्या शिंतोड्यांपुरत्या सुरक्षित असतात, बुडण्यासाठी नव्हे. मीठ आत गेले की ते विजेला वाट करून देते, आणि लिथियम बॅटरी लगेच नव्हे तर कित्येक दिवसांनीही पेटू शकते. 2022 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात इयान चक्रीवादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या मोटारी पुढे अशाच पेटल्या. डबा बुडाला असेल, तर तो चार्जिंगला लावू नये, घरात आणू नये, अंगणात भिंतीपासून आणि गवतापासून दूर ठेवावा आणि विक्रेत्याला कळवून तोच घेऊन जाण्यास सांगावे.