स्ट्रीम्स ड्रायव्हरची राइट क्यू मध्येच का थांबते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: सोलॅरिस या युनिक्स प्रणालीवरील स्ट्रीम्स ड्रायव्हरच्या (संदेश क्यूंमधून, म्हणजे रांगांमधून, पुढे नेणाऱ्या ड्रायव्हरच्या) ओपन रूटीनला एकच क्यू मिळते, तर दुसरी कोठून घ्यायची, आणि हार्डवेअर मोकळे नसताना पुटबीक्यू या फंक्शनने क्यूत परत ठेवलेला संदेश नंतर तसाच का पडून राहतो.

ओपनला मिळते ती रीड क्यू, म्हणजे उपकरणाकडून येणाऱ्या डेटाची. तिला डब्ल्यूआर हे फंक्शन लावले की राइट क्यू, म्हणजे उपकरणाकडे जाणाऱ्या डेटाची, हाती येते, आणि आरडीने उलट. पॉइंटरमध्ये एक मिळवून काम भागवणारे जुने कोड सापडते. ते उचलू नये. क्यूंची रूटीन्स चालू करणारे क्यूप्रॉक्सऑन बोलावण्याआधी दोन्ही क्यूंच्या क्यूपीटीआर या फील्डमध्ये आपल्या डेटाचा पत्ता भरून ठेवावा, कारण त्यानंतर पुट रूटीन (आलेला संदेश स्वीकारणारे) कोणत्याही क्षणी चालू शकते.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. क्यूंची जोडी असली तरी एक क्यू दुसरीला आपोआप जागे करत नाही. रिकाम्या क्यूवर गेटक्यू (संदेश काढणे) केल्यास कर्नल तशी नोंद ठेवतो आणि पुढच्या पुटक्यूला (संदेश क्यूत टाकल्यावर) सर्व्हिस रूटीन, म्हणजे क्यूतले संदेश हाताळणारे रूटीन, लावतो. मात्र संदेश काढून पुटबीक्यूने परत ठेवला, तर ती नोंद नसते आणि साधा संदेश नुसता पडून राहतो.

नाशिकला अंबडमधील एका कारखान्यासाठी मी असाच सिरियल ड्रायव्हर सांभाळतो. सीएनसी यंत्राला (संगणक-नियंत्रित यंत्राला) प्रोग्राम पाठवताना त्याचा बफर भरला की ते एक्सऑफ ('थांबा') पाठवते, आणि जागा झाली की एक्सऑन ('पाठवा'). हा एक्सऑन येतो रीड बाजूने, पण अडलेली असते राइट बाजू. म्हणून इंटरप्ट हँडलरने तो ओळखताच डब्ल्यूआरने जोडीदार क्यू घेऊन तिच्यावर क्यूएनेबल करणे, म्हणजे तिचे सर्व्हिस रूटीन चालवायला लावणे, भाग आहे. ट्रान्समिट पूर्ण झाल्याच्या इंटरप्टलाही हेच लागू होते, आणि तुमच्या वर्णनावरून मला तिथेच क्यूएनेबल राहिलेले वाटते.

उच्च प्राधान्याचा संदेश मात्र सर्व्हिस रूटीनमधून कधीही पुटबीक्यूने परत ठेवू नये. तो क्यूला लगेच पुन्हा जागे करतो आणि सर्व्हिस रूटीन अखंड फिरत राहते.

खात्री करायची असल्यास एमडीबी या डीबगरमध्ये राइट क्यूची रचना पाहावी: क्यूकाउंट (क्यूत पडलेला डेटा) शून्यापेक्षा जास्त, हार्डवेअर मोकळे, आणि तरीही क्यूएनॅब फ्लॅग (सर्व्हिस रूटीन लावल्याची खूण) नाही, असे दिसले तर कारण हेच.